समाजशास्त्राची पदवी आणि पुढची वाट : वाचकांचे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की या सदराकडे प्रवेशासंबंधीची पत्रे येऊ लागतात. यंदा त्यांत समाजशास्त्राविषयीची पत्रे लक्षात येण्याइतकी आहेत आणि त्यांतील बरीचशी सातारा व सांगली जिल्ह्यांतून आलेली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी कला शाखेतून चांगल्या गुणांनी बारावी झाली. पदवीला समाजशास्त्र हाच मुख्य विषय घ्यायचा, असा तिचा हट्ट आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘त्यात काय ठेवलंय? पुढे बी.एड. तरी करायला लाव.’ या पदवीवर नोकरी मिळते का, एवढेच स्पष्ट सांगावे. — एक पालक, मिरज

उत्तर : स्पष्टच सांगायचे, तर ‘समाजशास्त्रज्ञ’ या नावाची जागा बी.ए. झालेल्या उमेदवारासाठी कोणत्याही कार्यालयात राखून ठेवलेली नसते. ही केवळ आपल्याकडची उणीव आहे, असेही समजू नये. अमेरिकेसारख्या मोठ्या देशात दरवर्षी हजारो विद्यार्थी हा विषय घेऊन पदवीधर होतात, पण तेथील सरकारी रोजगार नोंदीत समाजशास्त्रज्ञ या नावाने मोजल्या जाणाऱ्या नोकऱ्या तीन-साडेतीन हजारांच्या घरातच आहेत आणि त्यांसाठीही पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. लागते. बाकीचे पदवीधर दुसऱ्या नावाच्या पदांवर काम करतात. म्हणून मुलीबरोबर बसून विचार करावयाचा तो कोणकोणत्या पदांसाठी ही पदवी चालते, कोठे ती उपयोगी पडते आणि कोठे ती अजिबात चालत नाही याचा.

कोणत्याही शाखेची पदवी चालते अशी पदे पुष्कळ आहेत आणि बहुतेक मुलेमुली अखेर तिकडेच वळतात. त्यांतील स्पर्धा परीक्षांत मात्र समाजशास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग होतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तिच्या १,७५० लेखी गुणांपैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिकांचे आहेत. ज्या मुलीने तीन-चार वर्षे हा विषय मनापासून वाचला आहे, तिला तो परीक्षेसाठी नव्याने उभा करावा लागत नाही. तरीही केवळ या परीक्षांवर भिस्त ठेवून पदवी निवडू नये, कारण जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असा तो मामला आहे.

काही जाहिरातींत समाजशास्त्राचा नावानिशी उल्लेख असतो. एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रांतील समुपदेशकाच्या पदासाठी मानसशास्त्र आणि समाजकार्य यांच्या जोडीने समाजशास्त्राची पदवीही ग्राह्य धरली जाते. याउलट वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक हे पद असते, तेथे सामान्यतः एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात आणि एम.ए. समाजशास्त्र झालेल्याचा अर्ज छाननीतच बाजूला पडतो. आपण मिरजेचे आहात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि इतकी रुग्णालये असलेल्या शहरात हा फरक आधीच ठाऊक असलेला बरा. जाहिरातीतील ‘शैक्षणिक अर्हता’ हा परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचण्याची सवय मुलीला आताच लावा, आणि तिला रुग्णालयातील कामाची खरोखर ओढ असेल, तर बी.ए. नंतर एम.एस.डब्ल्यू.चा विचार ठेवा.

बी.एड.च्या सल्ल्याबाबत मात्र सावध राहावे. माध्यमिक शाळेत समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. तेथे इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवावे लागतात आणि शिक्षकाची नेमणूकही त्या विषयांसाठी होते. समाजशास्त्र शिकविले जाते ते अकरावी-बारावीला, आणि त्यासाठी एम.ए. व बी.एड. अशा दोन्ही पदव्या लागतात. शिक्षिका व्हायचेच असेल, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत मुख्य विषयाला जोडून जो गौण विषय निवडावा लागतो, तो शाळेत शिकविला जाणारा घ्यावा. शिक्षकी पेशाकडे ओढा नसेल, तर माझे मत अर्थशास्त्राकडे किंवा उपलब्ध असल्यास संख्याशास्त्राकडे झुकते. आकड्यांची भीती नसलेला समाजशास्त्राचा पदवीधर आपल्या भागात दुर्मीळ आहे आणि सर्वेक्षण करणाऱ्या संस्था अशाच माणसाच्या शोधात असतात.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेत समाजशास्त्राच्या पदव्यांची संख्या घटत आहे, असे वाचनात आले. आमच्या महाविद्यालयातही या विषयाचे वर्ग पूर्वीइतके भरत नाहीत. बुडत्या विषयात आम्ही अडकलो आहोत का? — एक विद्यार्थिनी, खटाव तालुका

उत्तर : अमेरिकेतील आलेख तुम्ही वाचलात तो बहुधा शेवटचा तुकडा असावा. तेथे १९७०च्या दशकाच्या मध्यास समाजशास्त्राचे पदवीधर शिखरावर होते. नागरी हक्कांची व स्त्रियांची चळवळ आणि युद्धविरोधी आंदोलन यांतून आलेल्या पिढीला हा विषय आपला वाटत होता. पुढे दहा-बारा वर्षांत ती संख्या सुमारे एक-तृतीयांशावर आली, कारण नोकरीची चिंता वाढली आणि विद्यार्थी व्यवसाय व्यवस्थापनाकडे वळले. नंतर ती पुन्हा चढत गेली आणि २०१०च्या दशकात पुन्हा उतरू लागली. विषयाचे पदवीधर कमी-जास्त होण्याचा संबंध विषयाच्या गुणवत्तेपेक्षा त्या त्या काळच्या रोजगाराशी आणि सार्वजनिक वातावरणाशी अधिक असतो. हे ताडून पाहण्याची रीत तर तुमचाच विषय शिकवितो.

आपल्याकडे चित्र निराळ्या कारणांनी घडते. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशातील पदवी स्तरावरील सुमारे ३४ टक्के विद्यार्थी कला शाखेत होते, म्हणजे सर्व शाखांत सर्वाधिक. मात्र हा आकडा विषयाच्या आवडीचा पुरावा मानता येत नाही. वडूज, दहिवडी किंवा जत यांसारख्या ठिकाणी जवळचे महाविद्यालय कोणते, एसटीचा पास किती पडतो, मुलीला संध्याकाळी घरी परतता येते का आणि विज्ञान शाखेची फी झेपते का, या गोष्टी विषय ठरवितात. समाजशास्त्र त्यात अनेकदा ‘सोपा विषय’ म्हणून पदरात पडते. परीक्षेच्या आठवड्यात गाईड वाचून पास होता येते ही ख्याती या विषयाला जितकी भोवली, तितकी नोकऱ्यांच्या टंचाईनेही भोवली नसेल, असे मला वाटते. जो विषय वर्षभर न वाचता सुटतो, तो घेणाऱ्याला नोकरी देणाराही गांभीर्याने घेत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली, त्यामुळे मुख्य व गौण विषयांची वाटणी बदलली आणि लहान महाविद्यालयांत एका शिक्षकावर चालणारे विभाग अडचणीत आले. वर्ग रिकामे दिसण्यात याचाही वाटा आहे. तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात. चौथ्या वर्षाचा मार्ग आपल्या महाविद्यालयात आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्याला थेट नेट या सहायक प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेस बसता येते व पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. तीन वर्षांवर थांबलात, तरी एम.ए. दोन वर्षांचे आहेच.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवितो. वर्गात मुलींची संख्या मोठी आहे आणि बहुतेक जण शेतकरी, शेतमजूर व भटक्या-विमुक्त कुटुंबांतील, शिकणारी पहिलीच पिढी आहेत. ‘समाजशास्त्रातील विविधता’ या विषयावर मला चर्चासत्रात निबंध वाचायचा आहे, पण सारे संदर्भ परदेशी मिळतात. आपल्या भागातून काही मांडता येईल का? — एक अध्यापक, कराड परिसर

उत्तर : मांडता येईल, आणि परदेशी संदर्भांपेक्षा अधिक भक्कमपणे मांडता येईल. परदेशी आकड्यांतून एकच गोष्ट उचलावी. अमेरिकेत समाजशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक आहे आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थ्यांचा वाटाही वाढत गेला आहे, पण प्राध्यापकांच्या, विशेषतः वरिष्ठ पदांच्या यादीत तेच प्रमाण उतरत नाही. वर्गातली विविधता आणि खुर्चीवरची विविधता या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. आपल्याकडेही तेच आहे. २०२१-२२च्या पाहणीत देशातील उच्च शिक्षणाच्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. आता आपल्याच तालुक्यातील महाविद्यालयांत कायम नेमणुकीवर कोण आहे आणि तासिका तत्त्वावर कोण आहे, याची यादी करून पाहावी. निबंधाला याहून चांगले तोंड सापडणार नाही.

यापुढचा आणि मला अधिक महत्त्वाचा वाटणारा थर म्हणजे कोणाच्या जगण्याला अभ्यासविषयाचा दर्जा मिळतो. भारतात मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि पुढे गो. स. घुर्ये यांनी तो वाढविला. विषयाचा इतिहास बहुधा येथून सांगितला जातो. पण साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल झालेल्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने कोलंबिया विद्यापीठात मे १९१६ मध्ये भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला, तेव्हा मुंबईचा विभाग जन्मालाही आलेला नव्हता. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनामुळे आणि त्या बंधनाचा भार स्त्रीवर पडतो, ही त्या निबंधातील मांडणी आजच्या कोणत्याही विवाहविषयक सर्वेक्षणाची सुरुवात होऊ शकते. जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे आणि सावित्रीबाईंचा जन्म खंडाळा तालुक्यातील नायगावचा, हे आपल्या विद्यार्थ्यांना जयंतीच्या भाषणांतून ठाऊक असते. समाजाचे विश्लेषण करणारे विचारवंत म्हणून मात्र त्यांची ओळख वर्गात क्वचितच होते.

दुसरे उदाहरण कोयनेचे. पाटण तालुक्यातील या धरणाने विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली व ती १९६९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. गाव उठल्यावर केवळ जमीन जात नाही, तर सोयरिकीचे जाळे, देवस्थान आणि अडीनडीला धावून येणारी भावकी यांचीही मोडतोड होते, हे पाहण्याची दृष्टी अशा अभ्यासांनी दिली. तिसरे उदाहरण गेल ऑम्वेट यांचे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि बर्कले येथे पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. केलेल्या या समाजशास्त्रज्ञ वाळवा तालुक्यातील कासेगावात राहिल्या, भारताचे नागरिकत्व त्यांनी घेतले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे निधन तेथेच झाले. कृष्णाकाठच्या एका गावात राहून पाणी, जात आणि स्त्रियांचा प्रश्न यांवर जगभर वाचले जाणारे लेखन होऊ शकते, हे आपल्या विद्यार्थ्यांसमोर ठेवावे.

आणि शेवटी वर्गातील मुलांनाच कामाला लावावे. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी गलाईवाले देशभर पसरले. केरळ-तामिळनाडूच्या शहरांत राहणारी ही कुटुंबे गावची यात्रा, लग्न आणि निवडणूक यांशी नाते कसे राखतात, हा प्रबंधाचा विषय आपल्या विद्यार्थ्याच्या घरातच असू शकतो. माणदेशातल्या मेंढपाळांचा चाऱ्यामागचा प्रवास, साखर कारखान्यांकडे येणाऱ्या ऊसतोड टोळ्या आणि घरटी सैनिक देणारी साताऱ्याकडील गावे हेही तसेच विषय आहेत.

एक गोष्ट मात्र आवर्जून शिकवावी. प्रश्नावली घेऊन माण तालुक्यातल्या एखाद्या घरी गेलात आणि बाईंना विचारले, ‘तुम्ही काय काम करता?’ तर उत्तर येते, ‘काही नाही, घरीच असते.’ विद्यार्थी इमानेइतबारे ‘गृहिणी’ या चौकटीत खूण करतो. दाराशी शेरडे बांधलेली असतात, खुरपे पडवीत टेकवून ठेवलेले असते, पण ते चौकटीत येत नाही. त्याच बाईंना ‘काल पहाटे उठल्यापासून काय काय केलं?’ असे विचारले, तर पाणी भरणे, धार काढणे, दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाणे, शेरडांना पाला आणणे आणि सासऱ्यांचे औषधपाणी असा दिवस उलगडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहण्या याच रीतीच्या आहेत. ज्या मुलीने स्वतःच्या आईला हा प्रश्न विचारून पाहिला आहे, तिला हा फरक कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर समजतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांची अडचण आपण नेहमी बोलून दाखवितो, त्यांची ही जमेची बाजू सहसा मोजत नाही.

प्रश्न : एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नेट करावी की सेट? आणि प्राध्यापकाची नोकरी न मिळाल्यास काय? — एक विद्यार्थी, विटा

उत्तर : दोन्ही द्याव्यात. महाराष्ट्र व गोव्यात सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी सेट ही राज्यस्तरीय परीक्षा आणि नेट सारख्याच मानल्या जातात आणि सेटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही असते. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मात्र नेटमधूनच मिळते. पहिल्या दोन वर्षांसाठी ती दरमहा ३७,००० रुपये आहे, वयाची मर्यादा सर्वसाधारणपणे ३० वर्षे असून स्त्रियांना व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडू नये. नेट निघाली पण शिष्यवृत्ती हुकली, तर बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (इतर मागास व भटके-विमुक्त) या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर आपापल्या प्रवर्गाप्रमाणे लक्ष ठेवावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कडू आहे. अनुदानित महाविद्यालयांतील पदभरती वर्षानुवर्षे रखडत आली आहे आणि सेट-नेट, पीएच.डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर, सुट्टीच्या महिन्यांत मानधनाविना, चाळिशी गाठताना मी पाहिली आहेत. तुम्ही ज्यांच्याकडे शिकता, त्यांतलेही काही असेच असतील. त्यांना आदराने विचारा, ते खरे सांगतील. म्हणून प्राध्यापकी हा एकच मार्ग ठेवून पीएच.डी.त उतरू नका आणि संशोधनाचा अनुभव दुसऱ्या वाटेनेही जमवा.

ही दुसरी वाट आपल्या भागात अगदीच अरुंद नाही. ‘उमेद’ म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्याकडे तालुका व जिल्हा पातळीवर बचत गटांचे काम चालते. म्हसवडची माणदेशी संस्था स्त्रियांच्या बँकेपासून उद्योजकता प्रशिक्षणापर्यंत पसरली आहे. सांगलीची ‘संग्राम’ संस्था देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या हक्कांवर काम करते. पुण्याच्या गोखले संस्थेसारख्या व मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी प्रकल्पांसाठी क्षेत्र-अन्वेषक व संशोधन सहायक वेळोवेळी लागतात. २०१३च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यांकन हा टप्पा आणला. राज्याने काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट दिली असली, तरी पुनर्वसनाच्या अहवालांना माणसे लागतातच. ही बहुतेक कामे कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की नवा शोधावा लागतो, आणि पगार पहिली काही वर्षे बेताचाच असतो, हेही लक्षात असू द्या.

अशा मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेपेक्षा तुम्ही स्वतः लिहिलेला दहा पानी अहवाल अधिक बोलतो. विट्यातल्याच एखाद्या गल्लीचा वा व्यवसायाचा तो असावा, त्यात नमुना कसा निवडला हे लिहिलेले असावे आणि तक्ते तुम्हीच संगणकावर केलेले असावेत. एक्सेलवर हात बसलेला नसेल, तर परीक्षेनंतरची सुट्टी त्यासाठी राखा.

प्रश्न : मी बी.ए. असून एका स्वयंसेवी संस्थेत काम करते. लग्न झाले आहे, रोज महाविद्यालयात जाणे शक्य नाही. बाहेरून एम.ए. समाजशास्त्र केले, तर ते चालते का? — एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरशिक्षणासाठी मान्यता असलेल्या विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात प्रथम चौकशी करावी, कारण तेथे मराठीतून लिहिण्याची सोय आणि परीक्षा केंद्र जवळ पडण्याची शक्यता अधिक आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रमही चांगला आहे, पण तेथे हिंदी किंवा इंग्रजीतून लिहावे लागेल. प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षीच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या यादीत समाजशास्त्राचे नाव आहे याची आयोगाच्या संकेतस्थळावर खात्री करावी आणि गावोगावी ‘हमखास पास’ म्हणून फलक लावणाऱ्या मध्यस्थांकडे फिरकू नये.

संस्थेतील कामाचे अनुभव प्रमाणपत्र आत्तापासून दरवर्षी घेत जा. त्यावर कामाचा कालावधी तारखांसह असावा आणि ‘सामाजिक कार्य केले’ असे मोघम न लिहिता गृहभेटी, सर्वेक्षण, गटबैठका किंवा समुपदेशन यांपैकी नेमके काय केले ते लिहून घ्यावे. छाननीच्या वेळी तारीख नसलेला अनुभव धरला जात नाही, आणि संस्थेचे पदाधिकारी बदलले की जुने प्रमाणपत्र मिळविण्यासाठी खेटे घालावे लागतात.